दिवसाची भट्टी

आमच्या घरी जेवायच्या वेळा वीजदर ठरवायचा. हिंगणा एमआयडीसीत आमचा ओतकामाचा लहानसा कारखाना होता. विजेवर चालणाऱ्या एका भट्टीत भंगार लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यांत ओतायचं आणि पंपांची बाहेरची कवचं तयार करायची, एवढाच व्याप. कारखान्यांना रात्री वीज स्वस्त मिळायची, म्हणून भट्टी रात्री चालायची. माझे यजमान तिन्हीसांजेला उठून दात घासायचे, पहाटे घरी येऊन वरण-भात जेवायचे आणि मी कॉलेजात शिकवायला निघाले की पडदे ओढून झोपायचे. लग्नानंतर बरेच दिवस माझी आई शेजारणींना जावई पोलिसात आहे असं सांगायची. रात्रभर बाहेर राहणाऱ्या माणसाबद्दल दुसरं काय सांगणार, असं ती मलाच विचारायची.

मी शिकवायचे अर्थशास्त्र, सदरमधल्या एका कॉलेजात. आर्थिक धोरणाचा देशाच्या स्पर्धाक्षमतेवर आणि वाढीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न परीक्षेला हमखास यायचा. मुलं उत्तर पाठ करून यायची: कर, वीज, रस्ते, व्याज, कौशल्य. सगळे मुद्दे दिसले की मी भरपूर गुण द्यायचे आणि पुढचा पेपर ओढायचे. त्यातल्या विजेच्या मुद्द्यापायी माझ्या घरातला एक माणूस उजेडात झोपतो, हे उदाहरण मी वर्गात कधी दिलं नाही. घरचं काय चारचौघांत सांगायचं?

भट्टीवरचा मुख्य माणूस उमरेडचा होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, आम्हीही. त्याचं घराणं विणकरांचं. माझं माहेरही नागपुरातल्या विणकरांचंच. दोघांच्याही घरचे हातमाग आम्ही लहान असतानाच थांबले. का थांबले ते आमच्या वडिलांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही. माग बसला, एवढंच ते म्हणत, जशी एखादी म्हातारी म्हैस बसावी. माझ्या वडिलांनी मग एका शाळेत चपराशाची नोकरी धरली. मी अर्थशास्त्र घेतलं त्याचं खरं कारण हे की मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि नेमकं कुणावर ओरडायचं ते शोधून काढायचं होतं. ते अजून सापडलेलं नाही, पण नोकरी बरी मिळाली.

मिस्त्री कारखाना निघाला तेव्हापासून यजमानांबरोबर होता. दोघं फारसं बोलत नसत, कारण भट्टीच्या आवाजात बोलता येत नाही आणि दिवसा दोघंही झोपलेले असत. तरी एकावाचून दुसऱ्याचं पान हलत नसे. दिवाळीला तो बायकोला घेऊन घरी यायचा, फराळाचं ताट हातात घेऊन जांभया द्यायचा आणि यजमानही समोर बसून जांभया द्यायचे. आम्ही दोघी बायका त्यांच्याकडे पाहून हसायचो.

मग दर बदलले. रात्रीची सवलत गेली आणि दिवसाची आली, ऊन असेल तेवढ्या वेळेची. कारण सरळ होतं. सौर प्रकल्प वाढले, दुपारी वीज उदंड होऊ लागली आणि सूर्य मावळला की ती महाग पडू लागली. ज्या वेळी ज्या जिनसेची रेलचेल त्या वेळी ती स्वस्त, हे बाजारातल्या भाजीवालीलाही कळतं. धोरण म्हणून मला त्यात खोट काढता येईना, आणि याचाच मला जास्त राग आला. कुणी मूर्खपणा केला असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. पण नागपुरात मे महिन्यात भर दुपारी लोखंड वितळवायचं, हा मुद्दा त्या नीटनेटक्या उत्तरात कुठे बसवायचा हे मला काही कळेना.

काही महिने यजमानांनी हट्टानं भट्टी रात्रीच चालवली. तोटा होतो आहे हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला ते त्यांच्या चिडचिडीवरून कळलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते घर डोक्यावर घेऊ लागले. एरवी मीठ नसलं तरी त्यांना पत्ता लागत नसे.

आमचं जवळजवळ सगळं काम पंप बनवणाऱ्या एकाच कंपनीचं होतं. तिचा खरेदी अधिकारी एप्रिलच्या शेवटी कारखान्यावर आला. माणूस वाईट नव्हता. ताक प्यायला, घाम पुसला आणि सरळ बोलला. त्याचे पंप परदेशात जातात, तिथल्या दुकानात दुसऱ्या देशाचा पंप त्याच्या शेजारी मांडलेला असतो आणि तो स्वस्त असतो. त्यामुळे त्याचे वरिष्ठ त्याच्या मानगुटीवर बसले होते आणि तो आमच्या. रायपूरचा एक ओतकामवाला हेच कवच आमच्याहून कमी भावात द्यायला तयार होता. तिथे विजेचा भावच कमी, मग त्याला परवडतं, असं त्याचं म्हणणं. मॅडम, तुम्ही तर हेच शिकवता ना, असं तो मला हसून म्हणाला. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मेच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत एक खेप रायपूरच्या भावानं काढून दाखवा, असं त्यानं सांगितलं. जमलं तर वर्षाचं काम तुमचं. नाही जमलं तर पॅटर्न परत न्यावे लागतील. पॅटर्न म्हणजे वस्तूचा लाकडी नमुना. त्याच्याभोवती वाळू ठोकून साचा करतात. तो कंपनीच्या मालकीचा असतो आणि काम जिथे जाईल तिथे तोही जातो. हे पॅटर्न गेले तर आमची भट्टी बंद पडणार, हे यजमानांना, मिस्त्रीला आणि मला तिघांनाही ठाऊक होतं. अधिकारी निघून गेला. मिस्त्रीनं ताकाचे ग्लास विसळून पालथे घातले.

भाव जुळवायचा तर भट्टी दिवसा चालवण्यावाचून इलाज नव्हता. आणि अडचण निव्वळ माणसांना उकडण्याची नव्हती. विजेच्या भट्टीभोवती तांब्याच्या नळ्या असतात, शेजारी विजेचं मोठं पॅनल असतं, आणि दोन्ही थंड ठेवायला सतत पाणी फिरवावं लागतं. रात्री ते टाकीत आपोआप निवायचं. मेच्या दुपारी टाकीतलं पाणीच अंघोळीच्या पाण्याइतकं कढत असतं. ते आणखी तापलं की पॅनल स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतं, मग आत अर्धवट वितळलेलं लोखंड असो की काही असो. ते लोखंड जर भट्टीतच थिजलं तर भट्टीचं आतलं अस्तर फोडून काढावं लागतं आणि पुढचे कित्येक दिवस काम ठप्प. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, म्हणून आमचं कडाक्याचं भांडण झालं.

उपाय यजमानांना एका लग्नात सुचला. मेमधलं लग्न, मंडपात मोठमोठे कूलर आणि प्रत्येक कूलरसमोर बर्फाची लादी मांडलेली. ते पंगतीतून उठून त्या लादीपाशी जाऊन उभे राहिले आणि हात लावून पाहत राहिले. नवरदेवाच्या काकांना वाटलं, पाहुण्यांना चक्कर आली. घरी येताना गाडीतच त्यांनी मला सांगितलं की टाकीत बर्फ टाकायचा.

"रायपूरवाल्यापाशी स्वस्त वीज आहे, माह्यापाशी बर्फ आहे," ते म्हणाले. "पाहू कोन पुरून उरते."

मी म्हटलं की मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही आणि तुम्ही भट्टीपुढं माणसं उभी करणार. शिवाय वीज स्वस्त म्हणून दिवसा काम करायचं आणि दिवसा काम करायचं म्हणून बर्फ विकत घ्यायचा, हे कुठलं शहाणपण? त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

"मंग काय करू ते सांग. तुह्या पुस्तकात काय लिहून आहे?"

पुस्तकात काहीच नव्हतं. म्हणजे होतं, पण ते देशासाठी होतं. एका भट्टीनं एका शुक्रवारपर्यंत काय करावं हे कुठल्याच प्रकरणात नव्हतं. त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली.

मिस्त्रीला मात्र कल्पना पटली. उन्हाला काय भ्यायचं, आगीपाशीच जिंदगी गेली, असं तो म्हणाला. त्यानं माणसांना डोक्याला ओले दुपट्टे बांधायला लावले, प्रत्येकाच्या खिशात कांदा ठेवायला लावला आणि दाराशी कैरीच्या पन्ह्याचा माठ भरून ठेवला. कॉलेजला सुट्टी लागली होती. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मीही रोज कारखान्यावर जाऊ लागले. टाकीतल्या पाण्यात सोडलेल्या तापमापीवर नजर ठेवायची, हे काम मी मागून घेतलं. घरी पंख्याखाली बसून काळजी करण्यापेक्षा ते बरं, असा माझा हिशेब होता.

पहिले दोन दिवस निभले. सकाळी पिकअप गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बर्फ कारखान्यात जायची आणि गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या घेऊन यायची. वाटेत बर्फ वितळू नये म्हणून त्यावर लाकडाचा भुसा थापलेला असे. पोरं लाद्या नळाखाली धरून धुवायची आणि टाकीत सोडायची. पाण्याचा पारा उतरला की यजमान माझ्याकडे पाहून नुसती मान हलवायचे. पत्र्याचं छप्पर तडतडायचं. बाहेरून झळा, आतून झळा. लोखंड ओतताना तर श्वास घेतला की नाकात चटका बसायचा. मी एकेका उत्तरपत्रिकेवरून बोट फिरवायचे आणि डोळा तापमापीवर ठेवायचे. कुणाला गुण जास्त गेले असतील तर त्याचं नशीब.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री टाकीच्या कठड्यावर बसला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. मी त्याला उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, एकच वेळ लोखंड उतरवायचं राहिलं आहे, वैनी, ते झालं की खेप पुरी होते. माझ्या मनानं तेव्हाच घेतलं होतं की काहीतरी वंगाळ होणार. पण तसं ते मला रोजच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, बर्फ उशिरा आला. लग्नसराई, त्यात रसवंत्या आणि कुल्फीवाले. बर्फ कारखान्यात रांग लागली होती. तोवर भट्टी सुरू करून झाली होती, कारण सवलतीची वेळ कुणासाठी थांबत नाही. गाडी आत शिरली तेव्हा पारा नको तिथे जाऊन बसला होता आणि मी ओरडत होते. लाद्या धुवायला वेळ कुणाकडे होता? पोरांनी गोणपाट ओढून काढलं आणि भुशासकट लाद्या टाकीत लोटल्या. यजमानांनी स्वतः दोन लोटल्या. पारा झरझर खाली आला आणि मला हायसं वाटलं.

थोड्याच वेळात तो पुन्हा चढू लागला. टाकीत बर्फ तरंगत होता, पाणी थंडगार होतं, पण परत येणारं पाणी कढत आणि बारीक धारेनं येत होतं. यजमानांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. भुसा पंपाच्या जाळीत जाऊन बसला होता. पाणी होतं, पण ते पुढे सरकत नव्हतं. पॅनलनं एक कर्कश आवाज केला आणि ते बंद पडलं.

त्यानंतर कारखान्यात जी शांतता झाली ती मी कधी ऐकली नव्हती. भट्टीचा घोंघाव रात्रंदिवस त्या माणसांच्या कानात असायचा. तो थांबल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वरच्या हौदाचं पाणी नळ्यांना सोडलं म्हणून भट्टी धोक्यातून वाचली, पण तेवढ्यानं पॅनल चालणार नव्हतं. यजमान दोन माणसांना घेऊन जाळी खोलायला बसले. टाकीतलं सगळं पाणी भुशानं घाण झालं होतं. ते सोडून देऊन नवं भरायचं आणि उरलेल्या दोन लाद्या धुऊन त्यात टाकायच्या, शिवाय गाडी पुन्हा बर्फाला पिटाळायची, असं ठरलं. आतलं लोखंड थिजायच्या आत हे सगळं व्हायला हवं होतं. अजून वेळ होता, पण फार नव्हता.

भट्टीच्या तोंडाशी वरचं भंगार एकमेकांत अडकून त्याची साय धरू लागली होती. ती तशीच घट्ट झाली तर पुन्हा वीज येऊनही उपयोग नसतो. मिस्त्री लांब सळई घेऊन भट्टीशेजारच्या फळीवर चढला आणि ती साय फोडू लागला. पत्र्याखाली, दुपारी, त्या आगीच्या तोंडावर. मी खालून त्याला उतर म्हणत होते. त्यानं ऐकलं नाही. मग त्यानं मला विचारलं, चहा आला का. मी म्हटलं, कसला चहा? त्यानं आणखी दोनदा सळई मारली आणि पुन्हा त्याच आवाजात विचारलं, चहा आला का. नंतर सळई त्याच्या हातातून घसरली आणि तो फळीवर बसला.

पोरांनी त्याला खाली आणलं. मी त्याच्या कपाळाला हात लावला तर ते तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. घामाचा थेंब नाही. घाम थांबला की माणूस हातचा जातो, हे नागपुरात लहान मुलालाही माहीत असतं. मी यजमानांना हाक मारली. कशी मारली ते आठवत नाही, पण ते जाळी टाकून धावत आले.

एक पोरगा धुतलेल्या लाद्यांपाशी उभा होता. त्याच्यामागे नवं पाणी टाकीत पडत होतं. गाडी फाटकाशी बर्फाला निघायच्या बेतात सुरू होती.

"भाऊ, लाद्या दोनच उरल्या," तो म्हणाला.

यजमानांनी भट्टीकडे पाहिलं. मला त्यांचा राग आला की ते का पाहतात, आणि त्याच वेळी माझंही लक्ष तिकडे गेलं. वरून ती अजून लाल होती. कडेनं काळी पडू लागली होती.

"याच्यावर टाक. दोन्ही फोड."

पोरांनी घणानं लाद्या फोडल्या. गोणपाट ओलं करून पिकअपमध्ये अंथरलं, मिस्त्रीला त्यावर निजवलं आणि त्याच्या काखेत, मानेला, पोटावर बर्फ रचला. गाडी दुसरी नव्हती. आता बर्फ आणायला कोण जाणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मी गाडीत चढता चढता मात्र विचारलंच.

"अन् भट्टी?"

"भट्टी कुठं पळून जाऊन राहिली? तू बस."

रस्ताभर मी ताडपत्रीचं टोक त्याच्या तोंडावर धरून बसले होते. बर्फाचं पाणी माझ्या साडीतून वाहत होतं आणि वरून ऊन आग ओकत होतं. तेच ऊन, ज्याच्यामुळे वीज स्वस्त झाली होती. मी मिस्त्रीला मोठमोठ्यानं रागवत होते. झोपू नको, डोळे उघड, तुझ्या बायकोला मी काय सांगू, असं काहीबाही. रस्त्यात एकही माणूस नव्हता. सिग्नलला आम्ही थांबलो नाही.

डॉक्टर म्हणाले, बर्फ लावून आणलं म्हणून हाती लागला. संध्याकाळी त्याची बायको आली. रात्रीच चालवत होते, मग काहून बदललं, असं तिनं विचारलं. दिवसा वीज स्वस्त झाली म्हणून, मी म्हटलं. तिनं बरं म्हणून मान हलवली आणि नवऱ्याचे पाय चेपू लागली. तिनं माझ्याशी भांडायला हवं होतं. तिनं ते एवढ्या सहज मान्य केलं याचा मला जो संताप आला, तो मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुण्यात घालवला.

भट्टीतलं लोखंड थिजलं ते थिजलंच. शुक्रवारी सकाळी मी गेले तेव्हा यजमान त्या गोळ्याकडे पाहत स्टुलावर बसले होते. कालपासून काही खाल्लं नव्हतं. मिस्त्री बोलायला लागला आहे, एवढं सांगितल्यावर त्यांनी चेहऱ्यावर हात फिरवला आणि उठून हातपाय धुतले.

खरेदी अधिकाऱ्यानं फोनवर आधी मिस्त्रीची चौकशी केली, मनापासून केली. मग अडखळत सांगितलं की सोमवारी ट्रक येईल. सोमवारी यजमानांनी एकेक पॅटर्न स्वतः फडक्यानं पुसला, एकाचं उडालेलं कोपऱ्यातलं लाकूड चिकटवून दिलं आणि मग ट्रकवाल्याच्या हवाली केला. मी म्हटलं, नादुरुस्तच देऊन टाकायचा होता. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि फडकं झटकलं.

मिस्त्री अंगात ताकद आल्यावर भेटायला आला. कपडे अंगावर लोंबत होते. बराच वेळ तो इकडचं तिकडचं बोलला. मग त्यानं सांगितलं की रायपूरहून बोलावणं आलं आहे, राहायला खोली देतात, बायकोला घेऊन ये म्हणतात. त्या ओतकामवाल्याला कवचांचं काम मिळालं होतं आणि ते काम हाताखालून गेलेला माणूस हवा होता.

"तुमी जाऊ नोको म्हनसान, त नाई जात," तो म्हणाला.

यजमानांनी नको म्हणावं, असं मला फार वाटत होतं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण नको म्हणून त्याला द्यायचं काय?

"जा गा," यजमान म्हणाले. "इथं तुले कायच्यापाशी उभं करू मी?"

तो गेल्यावर मी पुन्हा वर्गात उभी राहिले तेव्हा तोच प्रश्न शिकवायचा होता. मी शिकवला. देशाच्या हिशेबानं पाहिलं तर काहीच बिघडलं नव्हतं. कवचं तयार होत होती, आधीपेक्षा स्वस्त होत होती, पंप परदेशी जात होते, दुसऱ्या देशाच्या पंपाशेजारी जरा ताठ उभे राहत होते. नागपूरचं नुकसान आणि रायपूरचा फायदा एकत्र मिळवले की बेरीज वाढलेलीच दिसत होती. मुलांनी ते लिहून घेतलं. मी त्यांना खोटं काही सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी तासाला घंटा लवकर व्हावी असं मला फार वाटलं.

भट्टी आम्ही पुन्हा लावली नाही. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मिस्त्रीचा फोन आला. मला वाटलं, सणाची आठवण झाली. पण त्याच्या आवाजात काळजी होती. तिथे कवचं खराब निघत होती. मानेपाशी, म्हणजे कवच निमुळतं होतं तिथे, आतून पोकळ राहत होती आणि मालक भडकला होता. आपल्याकडे असं कधी झालं नाही, भाऊ, मग इथं काहून होऊन राहिलं, असं तो विचारत होता.

यजमान ताठ बसले. वाळू कोणती, किती ओली, लोखंड कुठून सोडता, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी विचारले. मग चमच्याच्या दांड्यानं टेबलावर रेघा ओढत, जणू मिस्त्री समोरच बसला आहे, त्यांनी समजावून सांगितलं. मानेच्या आतल्या बाजूला वाफ अडते, ती निघून जायला तिथे साच्यात एक तिरपी वाट ठेवावी लागते, किती तिरपी, कोणत्या सळईनं, सगळं. किती महिन्यांनी त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहत होते. आणि माझा जळफळाट होत होता. वीज त्यांची स्वस्त, पॅटर्न त्यांचे, मिस्त्री त्यांचा. त्यांच्याकडे नसलेली एवढी एकच गोष्ट आमच्याकडे उरली होती, आणि ती हे फुकटात सांगत बसले होते.

फोन ठेवल्यावर मी तसं बोलून दाखवलं. हेच सांगून त्या कंपनीकडून काम परत मागता आलं असतं, असंही म्हणाले. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"माल खराब निघाला त ते काम तिथूनही जाईन," ते म्हणाले. "मंग हा कुठं जाईन? अन् तो माल आपलाच आहे वं."

आपला नव्हताच तो. हे त्यांना समजावायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मिस्त्रीचाच होता; काहीतरी विचारायचं राहिलं असणार. मी तो उचलला आणि यजमानांच्या हातात दिला.